पालिकेची लढाई सहा दिवसांची की पाच वर्षांची?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एक निवडणूक नुकतीच आटोपली असताना पुढच्या निवडणुकीची भाषा काढणे अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. कार्यकर्ता दमलेला आहे. काहींच्या खिशाला चाट बसली आहे, काहींच्या मनाला. "आता पाच वर्षे कोण विचारतो? वेळ येईल तेव्हा पाहू," असा सूर आपल्या बैठकांतून ऐकू येतो. तो सूर ऐकूनच आज हा विषय घेतला आहे. मला एवढेच सांगायचे आहे की, नगराध्यक्षपदासाठी किंवा महापौरपदासाठी प्रस्थापितांशी झुंजू पाहणाऱ्याने "वेळ येईल तेव्हा" असे म्हटले, की त्याची निवडणूक त्याच दिवशी संपली. ती वेळ आव्हान देणाऱ्यासाठी कधी येतच नाही. ती फक्त सत्तेवर बसलेल्यासाठी येते.

हे नुसते आवेशाचे बोलणे नाही, हा हिशेब आहे. मागील निवडणुकीचे वेळापत्रक आठवून पाहा. नगरपालिका व नगरपंचायतींच्या अध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत ६ ऑक्टोबर २०२५ रोजी निघाली. ४ नोव्हेंबरला निवडणूक जाहीर झाली. २६ नोव्हेंबरला चिन्हे मिळाली आणि २ डिसेंबर हा मतदानाचा दिवस ठरला. म्हणजे पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे हे कळल्यापासून मतदानापर्यंत दोन महिनेही नव्हते, आणि चिन्ह हाती आल्यापासून जेमतेम सहा दिवस होते. महानगरपालिकांचीही तीच कथा. १५ डिसेंबरला घोषणा, ३ जानेवारी २०२६ रोजी चिन्हवाटप आणि १५ जानेवारीला मतदान. अपक्षाला किंवा छोट्या पक्षाच्या उमेदवाराला आपले चिन्ह मतदाराच्या मनावर ठसवायला अकरा दिवस मिळाले.

आता या दिवसांना घरांनी भागून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आहे आणि प्रभाग १९ आहेत. एका प्रभागात सरासरी चोवीस हजार माणसे, म्हणजे पाच माणसांचे एक घर धरले तर ४,८०० घरे. एका घरी उमेदवाराने पाच मिनिटे घालवायची म्हटली तर चारशे तास लागतात. अकरा दिवसांत ते बसवायचे तर दिवसाचे तास छत्तीस करावे लागतील! भुसावळसारख्या १ लाख ८७ हजार वस्तीच्या गावात थेट नगराध्यक्षपदासाठी उभे राहणाऱ्याला सहा दिवसांत सारी घरे गाठायची तर रोज सहा हजारांहून अधिक उंबरे ओलांडावे लागतील. हे कोणाच्याही आवाक्यातले काम नाही. मग काय होते? उमेदवार घरी जात नाही, त्याचा फलक जातो. तो बोलत नाही, रिक्षावरचा कर्णा बोलतो. आणि फलक व कर्णा या गोष्टी ज्याच्यापाशी पैसा अधिक त्याच्याच अधिक असतात.

हाच हिशेब उलटा करून पाहा. त्याच प्रभागात एका कार्यकर्त्याने रोज संध्याकाळी पंधरा घरे घेतली, तर सव्वा तास लागतो. वर्षातील ३२० दिवस हे काम झाले तर ४,८०० घरे पुरी होतात. एका वर्षात, एका माणसाकडून, एक पैसा खर्च न करता! चार जण असतील तर वर्षातून चार वेळा प्रत्येक घराशी बोलणे होईल. आपल्यापाशी पैसा नाही, वर्तमानपत्रे नाहीत, कारखाने नाहीत. आपल्यापाशी वेळ आहे. गरिबांच्या पक्षाचे भांडवल म्हणजे त्याच्या कार्यकर्त्यांचा वेळ. ते भांडवल पाच वर्षे पडून राहू द्यायचे आणि शेवटच्या सहा दिवसांत धनवंतांशी त्यांच्याच हत्याराने लढायला जायचे, याला राजकारण म्हणत नाहीत. खानदेशातला कोणताही शेतकरी पहिला पाऊस पडल्यावर नांगर शोधायला निघत नाही. आपण मात्र आचारसंहिता लागली की मतदार यादी शोधायला निघतो.

कोणी म्हणेल, वेळापत्रक तर सर्वांना सारखेच असते. कागदावर सारखे असते, हे खरे. परंतु सत्ताधाऱ्याचा प्रचार पाच वर्षे चालूच असतो, आणि तो पालिकेच्या खर्चाने चालतो. रस्त्याच्या कोनशिलेवर त्याचे नाव, बागेच्या कमानीवर त्याचे नाव, पाण्याचा टँकर आला तर "साहेबांनी पाठवला" अशी भाषा. कर नागरिकाचा, पाणी धरणाचे, आणि उपकार मात्र साहेबांचे! जळगाव व धुळे या दोन्ही महानगरपालिकांची मुदत २०२३ साली संपली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, तेव्हा कुठे रखडलेल्या निवडणुकांची हालचाल सुरू झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन घातले असताना ही अवस्था. त्या मधल्या काळात सभागृह नव्हते, नगरसेवक नव्हते, प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. सत्ताधाऱ्यांचा वावर मात्र एक दिवसही थांबला नाही. थांबलो होतो ते आपण. निवडणूकच नाही तर प्रचार कसला, असे आपण म्हणत राहिलो.

या थांबण्याचे फळ काय असते ते खानदेशाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पाहिले. जामनेरला मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन नगराध्यक्षपदी बिनविरोध निवडून आल्या. दोंडाईच्याला मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल बिनविरोध नगराध्यक्ष झाल्या, आणि नगरसेवकांच्या जागांवरही मतदानाची वेळ आली नाही. पाठोपाठ जळगाव व धुळे महानगरपालिकांतही काही जागा मतदानाआधीच निकालात निघाल्या. हजारो मतदारांनी यंत्राचे बटण दाबायचे, तो हक्क न वापरताच त्यांची निवडणूक संपली.

अशा वेळी आपण दबावाचे, आमिषाचे, पोलीस-प्रशासनाचे नाव घेतो. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु तेवढ्यावर थांबणे ही स्वतःची फसवणूक आहे. बिनविरोध निवड माघारीच्या दिवशी होत नाही. आधीची चार वर्षे जे मैदान रिकामे ठेवले गेले, त्या रिकामेपणावर माघारीच्या दिवशी फक्त शिक्का बसतो. ज्याला आठ दिवसांपूर्वी आग्रह करून उभे केले, तो एकटा असतो. एकट्या माणसाला एक फोन पुरतो. पण ज्याच्या अर्जामागे दोनशे घरांचा तीन वर्षांचा पाणीलढा आहे, तो माघार घ्यायला निघाला तर त्या घरांतल्या बायाच त्याला दारात अडवतील. धैर्य हे एकट्याच्या छातीत नसते, मित्रहो. ते मागे उभ्या असलेल्या माणसांत असते, आणि ती माणसे आठ दिवसांत गोळा होत नाहीत.

अर्ज छाननीत बाद होतो, त्याचेही असेच आहे. पालिकेची थकबाकी राहिली, जात पडताळणीचे कागद अपुरे पडले, सूचकाचे नाव त्या प्रभागाच्या यादीत निघाले नाही. या गोष्टी दुरुस्त करायला सहा महिने आधी अर्धा दिवस पुरतो. शेवटच्या दिवशी उच्च न्यायालयही पुरत नाही. मतदार यादीचेही तसेच. डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरण्यात आली होती. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेला जो मजूर त्या तारखेनंतर नोंदला गेला, त्याच्यापुढे आपण नोव्हेंबरात कितीही चांगले भाषण केले असते तरी त्याचे मत आपल्याला मिळणार नव्हते. आपला मतदार हा भाड्याच्या खोलीत राहणारा, वस्ती बदलणारा, कागदपत्रांत मागे पडलेला मतदार आहे. यादीतून नाव गळते ते त्याचे. प्रस्थापितांच्या मतदाराचे सहसा गळत नाही. म्हणून लवकर सुरुवात ही त्यांच्यासाठी सोय असेल, आपल्यासाठी ती अट आहे.

आता आपल्याच कार्यकर्त्यांच्या शंकांकडे वळू. पहिली शंका अशी की, आरक्षण कळल्याशिवाय उमेदवार कसा ठरवायचा? प्रभागरचना बदलते. पद्धतही बदलते. १९७४ साली नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले, पुढे ती पद्धत गेली. २०१६ साली ती पुन्हा आली, २०२० साली महाविकास आघाडीच्या सरकारने ती रद्द केली आणि २०२२ साली पुन्हा लागू झाली. महानगरपालिकेत महापौर नगरसेवकच निवडतात. मागच्या खेपेस तर महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मतदान होऊन गेल्यावर, २२ जानेवारी २०२६ रोजी निघाली. अशा स्थितीत कोणाचे नाव घेऊन फिरायचे?

शंका रास्त आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे. प्रचार म्हणजे नावाचा प्रचार, असे आपण प्रस्थापितांकडून शिकलो आहोत. लवकर सुरू करायचा आहे तो प्रश्नाचा प्रचार. नाव सोडतीनंतर ठरेल, प्रश्न सोडतीची वाट पाहत नाही. नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे कोणत्या प्रवर्गाच्या आरक्षणावर अवलंबून असते? आणि आरक्षण केव्हाही व कोणतेही निघेल, म्हणूनच आपल्यापाशी स्त्रिया, दलित, आदिवासी, इतर मागासवर्गीय अशा सर्व थरांतील चार-सहा तयार माणसे असली पाहिजेत. अर्थसंकल्प वाचू शकणारी, सभेत उभे राहून बोलू शकणारी. प्रस्थापितांची अडचण आरक्षणाने सुटते ती पत्नीला, सुनेला, आईला पुढे करून. आपली सुटली पाहिजे ती कार्यकर्तीला पुढे करून, आणि कार्यकर्ती दोन महिन्यांत घडत नाही. ज्या पक्षाने पाच वर्षे माणसे घडविली, त्याला सोडतीची भीती नाही. चार सदस्यांच्या प्रभागात तर एकटा उमेदवार पुरत नाही, एकमेकांवर विश्वास असलेले चौघे लागतात.

दुसरी शंका अशी की, लवकर नावे पुढे आली तर विरोधक फोडतील. जळगावचा अनुभव याचे उत्तर देतो. २०१८ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला ७५ पैकी ५७ जागा मिळाल्या. एवढे बहुमत असताना १८ मार्च २०२१ रोजी महापौरपद शिवसेनेच्या जयश्री महाजन यांच्याकडे गेले. मते पडली ४५ विरुद्ध ३०. भाजपचे २७ नगरसेवक दुसरीकडे वळले होते. याचा आनंद मानणारे आपल्यात काही होते. परंतु त्यातून आपण धडा घ्यायचा तो वेगळा आहे. महापौराची निवडणूक खरी होते ती उमेदवारी वाटताना. कोणी तिकिटासाठी आला आणि कोण कामातून आला, हे त्या क्षणी ओळखता आले नाही तर सत्तावन्न जागाही हातून जातात. जो फुटणार आहे तो दोन वर्षे आधी फुटला तर आपले भलेच झाले. निवडून आल्यावर फुटला तर मतदाराचा विश्वासघात होतो.

याच्या दुसऱ्या टोकाला धुळ्याचे उदाहरण आहे. २०१८ साली तेथे तत्कालीन आमदार अनिल गोटे यांचे आपल्याच भाजपशी बिनसले आणि निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी लोकसंग्रामतर्फे वेगळी फळी उभी केली. नाव मोठे, वक्तृत्व मोठे, गावात ओळख जुनी. भाजपला ७४ पैकी ५० जागा मिळाल्या आणि लोकसंग्रामला एक. गोटे यांच्या राजकारणाची चर्चा हा आजचा विषय नाही. एवढा परिचित माणूसही ऐनवेळी शहरभर फळी बांधू शकत नसेल, तर ज्यांना गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही अशा आपण कशाच्या बळावर थांबायचे?

तिसरी शंका खर्चाची. पाच वर्षे प्रचार करायचा तर पैसा कोठून आणायचा? अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या समाजवाद्यांनी याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. रविवारी पहाटे त्यांचे स्वयंसेवक पत्रकांचे गठ्ठे घेऊन निघत आणि त्या त्या घरच्या भाषेतले पत्रक दाराशी ठेवून येत. हे काम ते निवडणूक नसतानाही करीत. त्यांचे उमेदवार एमिल सायडेल १९०८ साली महापौरपदाची निवडणूक हरले. संघटना घरी बसली नाही, आणि १९१० साली ते निवडून आले. पुढे डॅनियल होन हे समाजवादी १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षे तेथे महापौर होते. गटारे, पाणी, आरोग्य ही त्यांची कामे होती. अगदी अलीकडे न्यूयॉर्कला जोहरान ममदानी यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये उमेदवारी जाहीर केली, तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. घरभाडे, बसभाडे, पाळणाघरे हे तीन-चार प्रश्न धरून स्वयंसेवक दारोदार फिरले. जून २०२५ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी एका माजी गव्हर्नरला हरविले आणि नोव्हेंबरात ते महापौरपदी निवडून आले. धनिकांचा पैसा समोरच्या बाजूला होता, यांच्या बाजूला महिने होते.

आपल्या घरचे उदाहरणही कमी तोलाचे नाही. मृणालताई गोरे १९६१ साली मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या, त्याआधी गोरेगावात त्यांचे अनेक वर्षांचे काम होते. पाण्याच्या प्रश्नावर त्या इतक्या लढल्या की लोकांनी त्यांना "पाणीवाली बाई" हे नाव दिले. १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या तेव्हा गोरेगावकरांना त्यांची ओळख करून देण्यासाठी कर्णा लावावा लागला नाही. आणि खानदेशात तर साने गुरुजी फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गावोगाव फिरले, ती परंपरा आपलीच आहे. माणसांपर्यंत जायचे ते आधी, हे या मातीला कोणी नव्याने शिकवायला नको.

मग उद्यापासून करायचे काय? पहिले काम कागदांचे. पालिकेचा अर्थसंकल्प, सर्वसाधारण सभेचे ठराव, पाणीयोजनेच्या निविदा हे सार्वजनिक कागद आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. जळगावच्या घरकुल प्रकरणात २००६ साली तत्कालीन आयुक्तांच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला गेला, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरविले. त्यावर पुढे अपिले झाली, कायद्याचे काम कायदा करील. पण योजना नव्वदच्या दशकातली आणि निकाल २०१९ चा! पालिकेच्या पैशाचा कागद वाचण्यासाठी नागरिकांनी वीस वर्षे न्यायालयाकडे डोळे लावून का बसावे? दर वर्षी अर्थसंकल्प आला की त्याचा सोप्या मराठीत, आणि जमल्यास अहिराणीत, एक पानी जमाखर्च घरोघर गेला पाहिजे. तुमच्या प्रभागात किती आले, कोठे गेले.

दुसरे काम पाण्याच्या नोंदवहीचे. प्रत्येक वस्तीत एका घरी वही ठेवा. पाणी कोणत्या दिवशी आले, किती वाजता, किती वेळ, एवढेच लिहा. ती वही तीन वर्षे लिहिली गेली तर उमेदवाराला भाषण करावे लागणार नाही. तो वही उघडून वाचेल. तिसरे काम यादीचे. दर जुलैत वस्तीनिहाय नावे तपासा, गळलेली नोंदवा, अठरा वर्षे पुरी झालेल्या मुला-मुलींचे अर्ज भरा. चौथे, दर तीन महिन्यांनी प्रभागात उघडी सभा घ्या, आणि तिथे आपण कमी बोला.

एक इशाराही दिला पाहिजे. लवकर सुरुवात म्हणजे वाढदिवसाचे फलक चार वर्षे आधी लावणे नव्हे. "भावी नगराध्यक्ष" असे लिहून चौकात हात जोडलेला फोटो टांगणारा माणूस लवकर निघालेला नसतो, तो फक्त उतावळा झालेला असतो. दाखल्यासाठी मदत केली म्हणून मत मागायचे, रुग्णाला गाडी दिली म्हणून घर आपले समजायचे, ही त्यांची रीत आहे. आपण ती उचलली तर त्यांचेच छोटे रूप होऊ. लोकांना उपकृत करणे आणि लोकांना संघटित करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डॉ. लोहियांनी मतपेटी, फावडे आणि तुरुंग ही तीन साधने सांगितली, ती एकमेकांपासून तोडण्यासाठी नव्हे. आपण संघर्ष करताना निवडणूक विसरतो आणि निवडणूक लढताना संघर्ष विसरतो. लवकर सुरुवात करणे याचा खरा अर्थ ही फारकत मिटविणे हाच आहे.

पालिकांची पुढील मुदत २०३० च्या अखेरीस व २०३१ च्या आरंभी पुरी होईल. वेळापत्रक पुन्हा तसेच येईल. सोडत उशिरा निघेल, चिन्हे आठवडाभर आधी मिळतील, आणि माघारीच्या दिवशी कोणाच्या तरी दारात गाड्या थांबतील. हे बदलावे म्हणून शासनाकडे व आयोगाकडे मागणी करूच. पण आपली तयारी त्यांच्या वेळापत्रकावर टांगून ठेवण्याचे कारण नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. आज सभा संपल्यावर प्रत्येकाने आपल्या प्रभागाची यादी बरोबर न्यावी आणि उद्या संध्याकाळी पहिली पंधरा घरे घ्यावीत. पुढच्या बैठकीत मी भाषण करणार नाही. मी वह्या तपासणार आहे.